फोडाच्या शेजारचा तुकडा

शिंपीणबाईंच्या तोंडात पाच महिन्यांपासून फोड येत होते. एक भरून येईतो दुसरा तयार. ओठांत टाचण्या धरून काम करायची सवय, म्हणून सगळ्यांनी खापर टाचण्यांवर फोडलं. एका डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी मलम. तिसऱ्यांनी फोडाचाच तुकडा काढून तपासला. निष्पन्न काहीच नाही. कोमट दुधावर राहून वजन नऊ किलोंनी उतरलं. बसल्या जागी चैन पडेना. मशीनवर बसायचं, उठून आरशात जीभ बघायची, परत बसायचं.

अखेर जावेनेच धरून दंत रुग्णालयात नेलं. तिथली डॉक्टरीण लेकीच्या वयाची. तिने गालाच्या आतली धडधाकट दिसणारी जागा बोटाने हलकेच चोळली, तर तिथलंही सालपट सुटून आलं. मग तिने पाठ बघितली. बाई ज्याला घामोळं समजत होत्या, तोही फोडच होता.

बाईंनी विचारलं, "कॅन्सर आहे का?"

"तसं वाटत नाही. शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटलंय, असं वाटतंय. पण नुसत्या वाटण्यावर औषध देणार नाही. पुन्हा तुकडा काढू. या वेळी फोडातून नाही, शेजारच्या चांगल्या जागेतून; फोडात आजाराची खूण पुसली जाते."

रिपोर्टला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा बाही उलटी शिवली, उसवली आणि पुन्हा उलटीच शिवली. जावेशी विनाकारण भांडल्या. जावेने इस्त्री हातात घेतली.

डॉक्टरणीचा अंदाज खरा ठरला. आजाराचं नाव पेम्फिगस. एकेकाळी जिवावर बेतायचा, आता औषध होतं. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, असं तिने तीनदा बजावलं.

तिसऱ्या आठवड्यात नवे फोड थांबले. पण गोळ्यांनी झोप उडवली, चेहरा सुजवला आणि पायाला भिंगरी लावली. धुतलेलं कपाट बाई परत धुवायच्या. एके दिवशी त्या आरशासमोर म्हणाल्या, बस झालं, उद्यापासून गोळी नाही.

"फुगलेल्या तोंडाची जाऊ मला चालेल," जाऊ शांतपणे म्हणाली. "उपाशी मेलेली नाही चालणार."

बाईंनी गोळी गिळली.

तीन महिन्यांनी मात्रा कमी झाली. रुग्णालयातून परत येताना त्यांनी कडक टोस्ट घेतला आणि रस्त्यातच एक तुकडा मोडला. घाबरत चावला. तोंडभर जीभ फिरवून बघितली. मग चालता चालताच दुसरा.