वाडग्याच्या दारातला डोळा

डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोतीबिंदू पिकलाय, आता थांबलात तर डावा डोळा हातचा जाईल. माझे सासरे ज्ञानोबा, म्हणजे मामंजी, यांचं एकच म्हणणं: भोरला दवाखान्यात जाऊन निजलो तर सांजच्याला शेरडं पुरी आली का ते कोण बघणार? चेहऱ्यावरून ती फक्त त्यांनाच ओळखू येतात, आणि मोजायची तर आमच्यात रीत नाही. आकडा तोंडातून निघाला की नजर लागते.

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा पेटीत पडून होता. लेकीला पाजून झोपवलं की तेवढ्या वेळात मी वाडग्याच्या, म्हणजे शेरडांच्या कोंडवाड्याच्या, दारावर सेन्सर बसवला. एका खांबावर न दिसणारा उजेड सोडणारी डबी, समोरच्या खांबावर तो पाहणारी. मधून शेरडू गेलं की उजेड तुटतो, बोर्डाच्या पिनेवर एकचा शून्य होतो आणि आतल्या आत मोजणी होते. आकडा कुठेच दिसत नाही. सकाळी गेली तितकी आली की हिरवा दिवा, नाहीतर लाल. एकदा हिरवा लागू दे, मग जातो, असं मामंजींनी कबूल केलं.

संध्याकाळी शेरडं आली. मामंजींनी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला, सगळी होती. दिवा लाल.

मावळतीचं ऊन थेट पाहणाऱ्या डबीच्या तोंडावर येत होतं. एवढ्या झगझगाटात मधून कोण गेलं ते तिला कळलंच नव्हतं. माझ्या महिनाभराच्या दुपारी त्यात गेल्या होत्या. मामंजी वाकले, स्वतःच्या कपाळावर धरतात तसा पंजा त्यांनी डबीवर धरला आणि एक शेळी दारातून पुढे काढली. डबीवरचा बारका दिवा लुकलुकला.

"ह्याला बी माज्यावानीच व्हतंय की गं," ते म्हणाले. "दोन आंधळ्यांवर दार सोडता यायचं न्हाई. दोन दिस तू ह्याच्यावर हात धर. मी डोळं करून येतो."

उपाय साधा होता. डबीपुढे काळ्या पाइपाचा बोटभर तुकडा लावला की ऊन अडतं. तुकडा मी कापला आणि लेकीच्या झबल्यांखाली ठेवला. हिरवा दिवा लागला असता तर मामंजींनी दुसरं कारण काढलं असतं, एवढं त्यांना मी ओळखते.

सकाळी माझा नवरा कुमार त्यांना घेऊन एसटीत बसला. गाडी वळणाआड गेली तशी मी पाइप बसवला.

दोन्ही संध्याकाळी दिवा हिरवा. दुसऱ्या दिवशी डोळ्यावर पट्टी घेऊन मामंजींनी फोनवर पहिलं हेच विचारलं, "हात दुखला का गं, पोरी?"

"लई दुखला," मी म्हटलं.