परबांचा हातगुण

कांदिवलीत चारकोपच्या ज्या सोसायटीत श्यामसुंदर परब राहतात, तिथे बरीच वर्षं लॅपटॉप बिघडला की माणसं तो आधी परबांकडे आणायची आणि मग दुकानात न्यायची. मधला टप्पा कुणी चुकवत नसे. परब विमा कंपनीत नोकरीला. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर ऑफिसातलं ट्रेनिंग, तेही जेवणासकट. पण हातगुण होता. स्क्रीनवर राइट क्लिक करून चार-पाचदा 'रिफ्रेश' करायचं, एखादं फुकटातलं वेग वाढवणारं सॉफ्टवेअर टाकायचं आणि 'आता जरा गरम होऊ दे' म्हणत चहाची वाट बघायची. चहा यायचा, सोबत खोबऱ्याची वडी यायची. लॅपटॉप होता तसाच राहायचा, पण माणसाला बरं वाटायचं.

मग तळमजल्यावर कार्ल मिस्किटा आला. मूळचा मरोळ गावठाणातला, पेशाने दातांचा डॉक्टर. दवाखाना थाटला, पण पेशंट जमेपर्यंत हात रिकामे, म्हणून तो लोकांचे लॅपटॉप उघडायला लागला. जुनी डिस्क काढायची, नवी बसवायची. दाढेचंच काम, फक्त पेशंट ओरडत नाही. लॅपटॉप धडाधड सुरू व्हायला लागले. परबांना हे बेजबाबदारपणाचं वाटलं.

"मशीन उघडायचं नसतं," ते लिफ्टमध्ये म्हणाले. "एकदा उघडलं की कंपनीची हवा जाते."

"माझा तर झकास चालतोय, काका," चौथ्या मजल्यावरची श्वेता म्हणाली.

"सुरुवातीला चालतो."

संध्याकाळी परब गॅलरीत उभे राहून बघायचे. दात दुखणारी माणसं गाल धरून दवाखान्यात जातात. ही माणसं पाठीला बॅग लावून, हसत जायची. खोबऱ्याच्या वड्या कोणाच्या घरी चालल्यात, हेही वरून स्पष्ट दिसायचं.

एकच आधार होता. अनुपमाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तिचा लॅपटॉप कधी खाली नेला नव्हता. ती ऑनलाइन अकाउंट्स शिकवायची. सकाळी बटण दाबायची, तांदूळ धुवायची, कुकर लावायची, आणि शिट्ट्या झाल्या की लॅपटॉपकडे यायची. एवढं असूनही ती परबांच्याच उपचारावर होती. सगळं गाव गेलं तरी घरचा पेशंट टिकून होता.

आणि मार्चमध्ये यश आलं. परबांनी रविवारी 'टर्बो' नावाचं काहीतरी टाकलं आणि त्याच आठवड्यात लॅपटॉप भराभर सुरू व्हायला लागला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना परबांनी ही बातमी दिली. समोर कार्ल बसला होता. "भारी, परब साहेब," तो म्हणाला. त्या रात्री परबांना फार गाढ झोप लागली.

एका औषधाने गुण आला तर सहा औषधांनी किती येईल, असा साधा हिशेब करून त्यांनी आणखी वेग वाढवणारी सॉफ्टवेअर टाकली. वर दोन अँटिव्हायरस. दिवाळीपर्यंत लॅपटॉप पहिल्यापेक्षा हळू झाला.

"उद्या सकाळी डेमो लेक्चर आहे," अनुपमा म्हणाली. "नवीन क्लासवाले बघणारेत. वेळेवर सुरू झाला नाही तर काम गेलं. आज काय ते करा. नाहीतर मी बघते काहीतरी."

त्या 'काहीतरी'ला तळमजल्याचा वास होता. ती स्वतः जाण्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, असं परबांनी ठरवलं. ती वाण्याकडे गेल्यावर त्यांनी लॅपटॉप भाजीच्या पिशवीत घातला, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि जिन्याने उतरले.

दवाखान्यात कोणी नव्हतं. कार्लने त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसवलं, दुसरी खुर्ची नव्हती.

"ऑफिसातल्या एकाचा आहे," परब म्हणाले. "मीच केला असता, पण आज चष्मा विसरलो."

कार्लने त्यांच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं आणि लॅपटॉप उलटा केला.

"हा स्क्रू माझा आहे."

"कुठला?"

"हा, कोपऱ्यातला. इथे स्क्रूच नव्हता, मी माझ्या जुन्या चष्म्याचा लावलेला. अनुपमाचा ना हा?"

परब त्या खुर्चीत अर्धे आडवे होते. अशा अवस्थेत माणसाला ताठ बोलता येत नाही.

"कधी?"

"मार्चमध्ये. नवीन डिस्क टाकली की. चहा गाळेपर्यंत सुरू व्हायचा. ती बोलली, यांना सांगू नका, वाईट वाटेल."

लफडं असतं तर परबांना काय करायचं ते निदान ठाऊक होतं. आरडाओरडा, मेहुण्याला फोन, एक वेळ उपास. पण बायकोने शेजाऱ्याकडून डिस्क बदलून घेतली, याला काही रीत नव्हती. आणि त्या दोघांनी ते आठ महिने जपलं होतं, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

"मीटिंगमध्ये तुम्ही समोर होतात."

"होतो ना. म्हणून तर भारी बोललो."

एव्हाना स्क्रीन उजळली होती आणि एकेक खिडकी उघडून मशीन वेगवान झाल्याचं कळवत होती.

"हे सगळं कोणी टाकलं?"

"वेगासाठी आहे."

"अहो, सगळे एकदम सुरू होतात ना. दारात गर्दी झालीय, आत कोणीच शिरत नाही. आणि हे दोन अँटिव्हायरस बघा, एकमेकांनाच चोर समजून बसलेत. डिस्क एकदम ठीक आहे. हे काढू?"

"मी काढतो," परब म्हणाले.

कार्लने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर दिला आणि कुठे क्लिक करायचं ते सांगत राहिला. त्याने एकही टोमणा मारला नाही. परब त्याला हेही कधी माफ करणार नव्हते. शेवटचं सॉफ्टवेअर 'टर्बो' होतं. ते काढताना मशीनने विचारलं, नक्की ना? परबांनी थोडा वेळ घेतला.

"झालं," कार्ल म्हणाला, आणि सवयीने, "चूळ भरा."

घरी अनुपमा फोडणी घालत होती. परबांनी ओट्यावर लॅपटॉप ठेवून बटण दाबलं. मोहरी तडतडायच्या आत तो सुरू झाला.

"झाला की," ती म्हणाली. "काय केलंत?"

"डिस्क चांगली आहे."

तिचा झारा थांबला. "कुठली डिस्क?"

"मार्चमधली."

तिने गॅस बारीक केला. "तुम्ही त्या आठवड्यात एवढे खूश होतात. मग नाही सांगवलं."

"आणि त्याच्याकडे का गेलीस?"

"मुलं थांबायची हो समोर. मी कुकर लावून येईपर्यंत निम्मी निघून जायची."

हे परबांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, तिला भाताची घाई असते. ते पिशवीतली कोथिंबीर काढून निवडायला बसले.

"श्वेता येऊन गेली," थोड्या वेळाने ती म्हणाली. "तिचा प्रिंटर कागद ओढत नाहीये. तुम्हाला विचारत होती. काय सांगू?"

"कार्लकडे ने म्हणावं."

"बरं." तिने फोन उचलला.

"थांब," परब म्हणाले. "प्रिंटर आहे ना. प्रिंटरमधलं त्याला काय कळतंय. आधी मी बघतो."