पिवळा बाण

"पप्पा, इथे सही. बाणापाशी."

चैतालीने फॉर्म जेवणाच्या टेबलावर सरकवला. शाळेच्या समुपदेशक मिस को यांनी सहीच्या जागी इवलासा पिवळा बाण चिकटवून दिला होता, म्हणजे आईबापांना वाचायची तसदी नको.

पण हा बाप होता गोपीनाथ मेश्राम. सिंगापूरच्या बंदरात, जहाजात भरलेलं इंधन खरंच तेवढं भरलंय का, हे मोजणारा माणूस. टाकीत टेप सोडायची, पितळी वजन तळाला टेकेपर्यंत थांबायचं, मगच पावतीवर सही. वीस वर्षांत एकदाही त्याने आधी सही केली नव्हती, आणि इंधन घेऊन येणारे बार्जवाले त्याच्या नावाने बोटं मोडत ती याच कारणासाठी.

त्याने चष्मा लावला आणि अक्षरन् अक्षर वाचलं. एक नोव्हेंबरच्या आत अर्ज केला तर अमेरिकेतलं एक कॉलेज डिसेंबरातच निकाल देणार होतं. मात्र प्रवेश मिळाला, तर तिथेच जायचं. बाकी सगळ्या अर्जांवर पाणी सोडायचं.

"हेच हवंय तुला?"

"मिस को सेज धिस वन सेफ, लाह. अर्ली केलं की चान्स जास्त."

"मिस कोंना नाही विचारलं मी."

चैतालीने नजर आपल्या खोलीकडे वळवली. तिच्या कपाटाच्या दाराला आतून दोन वर्षं दुसऱ्याच कॉलेजचं पत्रक चिकटवलेलं होतं, आर्किटेक्चरचं. तिथली मुदत थेट जानेवारीतली.

"अहो, करून टाका ना सही," स्वयंपाकघरातून आशालता म्हणाली. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? शेजारच्या मनोहरभाऊंची ऋचा गेलीच ना असाच अर्ज करून. आपल्यासारख्यांनी फार ताणू नये."

आपल्यासारख्यांनी. गोपीनाथच्या डोक्यात तिडीक गेली. सत्याहत्तर साली नागपुरात एका कारकुनाने वर्कशॉपच्या उमेदवारीचा करार त्याच्यापुढे असाच सरकवला होता. "घे मुकाट्याने. तुमच्या लोकांना एवढं मिळतंय, हेच खूप आहे." एकोणीस वर्षांच्या गोपीनाथने घाबरून सही ठोकली, पाच वर्षांसाठी. आठच दिवसांनी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. त्याला जहाजं काढायची होती, कागदावर. आयुष्य गेलं ते दुसऱ्यांनी काढलेल्या जहाजांची पोटं मोजण्यात.

"माझ्याकडे बघून सांग, हेच हवंय. आत्ता करतो सही."

चैताली पंख्याकडे बघत राहिली. "अँड इफ जानेवारीवाले सगळे रिजेक्ट, देन हाऊ?"

"तर नाही म्हणतील. त्यांच्या तोंडून ऐकू. त्यांच्या आधी आपणच आपल्याला नाही कशाला म्हणायचं?"

तिने फॉर्म ओढून घेतला आणि खोलीचं दार आपटलं. आशालताने तीन दिवस नवऱ्याला न बोलता वाढलं.

एक नोव्हेंबरला संध्याकाळी चैतालीने दप्तर सोफ्यावर टाकलं. "आय टोल्ड मिस को नो," एवढंच म्हणाली आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसली. जानेवारीत तिने आपल्या आवडीच्या कॉलेजला अर्ज केला, आणि मार्चमध्ये सिंगापूरच्या विद्यापीठालाही.

एप्रिलमध्ये त्यांचं उत्तर आलं. नाही.

"झालं समाधान?" आशालताने नवऱ्याला विचारलं. गोपीनाथने हातातला घास ताटात परत ठेवला. आपला जुना राग आपण पोरीच्या माथी मारला, असं त्याला मनापासून वाटलं आणि लाज वाटली.

"आई, पप्पांना बोलू नको," चैताली म्हणाली. एरवी रागावली की इंग्रजीत शिरणारी पोर आज मराठीतच बोलत होती. "सही नको, हे मीच सांगून आले मिस कोंना. मला जे पाहिजे ते मी मागितलं. ते नाही म्हणाले. मीच मला नाही म्हटलं, असं तर नाही झालं."

मग तिने ताटात आणखी भात वाढून घेतला.

मे महिन्यात इथल्याच विद्यापीठाचे प्रवेशाचे कागद आले. आर्किटेक्चर. चैतालीने ते टेबलावर ठेवले. चार पानं होती आणि बाण कुठेच नव्हता. गोपीनाथचा हात सवयीने चष्म्याकडे गेला, पण चष्मा तिनेच पुढे केला.

"पप्पा, आधी वाचा. मग सही."

"हेच हवंय?"

चैतालीने त्याच्याकडे सरळ बघितलं. "हो."

गोपीनाथने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.