आतला बांध

"वैनी, चिखल घट्ट दाब. हितं पाणी अडलं तर सगळा गाव वाचल," बाबाजी म्हणाला आणि गिरजाबाईच्या डोळ्यांत न बघता वळला.

पेणच्या खारेपाटातलं त्यांचं गाव. खाडीचं पाणी अडवायला दोन बांध होते, बाहेरचा उंच आणि आतला जुना, खचलेला. आदल्या दिवशी बाहेरच्या बांधाला खांड पडली, बैलगाडी जाईल एवढी. आज अमावास्या, दुपारी उधाणाची भरती. बाबाजी मिठागरावरचा मुकादम, पाण्याची चाल जाणणारा, म्हणून गावाने त्याला पुढे केलं होतं.

खांड बुजणार नाही, हे त्याला सकाळीच कळून चुकलं होतं. वाचवलं तर आतला बांधच वाचवणार होता. पण तो दोन हात उंच करायला वेळ हवा होता, आणि तोवर खांडीवर कोणीतरी पाणी थोपवून धरायला हवं होतं. दोन बांधांच्या मधल्या पट्टीत चार घरं होती, त्यातलं एक गिरजाबाईचं; ती चारही बुडणारच होती. बाबाजीने नेमकी त्याच घरांची माणसं खांडीवर लावली. त्यांच्याइतकं जीव तोडून दुसरं कोणी राबलं नसतं.

"त्यांना सांगाया नको?" आतल्या बांधावर माती ओतताना जनूने विचारलं. तो बाबाजीचा लहानपणापासूनचा सोबती.

"सांगितलं तर हात थांबतील."

"तुझ्या चुलतभावाची बायको हाय ती. एकटी बाई."

"व्हय, हाय. माती टाक."

जनूने माती टाकली. सगळ्यांनीच टाकली. वर कोणी बघत नव्हतं.

बाराच्या सुमारास गिरजाबाईने कंबर सरळ केली आणि सहज मागे पाहिलं. तिच्या घराच्या पलीकडे ओल्या मातीची काळी भिंत उभी राहिली होती आणि सगळं गाव त्या भिंतीवर होतं. हातातलं ढेकूळ तिने आधी खांडीत टाकलं, मग ती धावली. मागून पाणी आलं.

चारही घरांची माणसं हात देऊन बांधावर ओढली. गिरजाबाईला बाबाजीनेच ओढलं. खाली गोठ्यात तिची गाय हंबरत होती. पाणी कुडावर चढेपर्यंत ते ऐकू येत राहिलं.

"खरं सांगितलं असतं तर तू खांड सोडून गेली असतीस," बाबाजी म्हणाला.

"नाय गेले असते, भावजी." तिला धाप लागली होती. "गायचं दावं तेवढं सोडून परत आले असते."

गाव वाचलं. त्या साली भात नेहमीसारखं पिकलं. पुढच्या वर्षी रोह्याला बांधांच्या कामाची सभा भरली, तिथे बाबाजीला हार घातला. साहेबांनी विचारलं, "एवढ्या संकटात माणसांकडून काम कसं करून घेतलंत? धोरण काय होतं तुमचं?"

बाबाजीने गळ्यातला हार काढून हातात घेतला. मग म्हणाला, "माणसं ओळखून लावली." टाळ्या पडल्या.

परतताना पेणच्या एसटी स्टँडवर गिरजाबाई बाकावर बसलेली दिसली. ती आता हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायला जात होती. हात कोपरापर्यंत प्लास्टरच्या भुकटीने पांढरे झालेले. तिने त्याच्या हातातला हार बघितला. शेजारचं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं.

"बसा, भावजी."

गाडीला पाऊण तास होता. बाबाजी उभाच राहिला.