न भरलेला अर्ज

लेकीचं इंग्लंडला जायचं ठरलं, तेव्हा फुंग-यीला कळलं की तिच्यासोबत जायची वाट एकच आहे, आणि ती नवऱ्याच्या दारावरून जाते.

हाँगकाँग चीनकडे जाण्याआधी ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांना ब्रिटिशांचा खास पासपोर्ट मिळाला होता; त्यावर आता इंग्लंडला राहायला जाता येत होतं. नवऱ्याने स्वतःचं आणि लेकीचं, हेइ-मानचं, नाव नोंदवलं होतं. फुंग-यीचं राहून गेलं आणि नोंदणी कायमची बंद झाली. मोठ्या झालेल्या लेकीला आईला सोबत नेता येत नव्हतं. नवऱ्याला मात्र बायकोला नेता आलं असतं. पण तो, पाक-शिंग, आठ वर्षांपासून चेउंग चाऊ बेटावर वेगळा राहत होता. घटस्फोट दोघांनीही घेतला नव्हता.

दुपारच्या बोटीने ती गेली. दारात मासळी वाळत घातली होती. पाक-शिंगने चहा ओतला आणि सगळं ऐकून घेतलं.

"चल, जाऊ," तो म्हणाला. "माझं इथे काय अडलंय?"

"व्हिसावाले विचारतील, एकत्र राहता का?"

"राहतो म्हणून लिहू."

"आणि तिथे गेल्यावर?"

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "तुझा अर्ज राहून गेला नव्हता, फुंग-यी. तू सही करून माझ्याकडे दिला होतास. मी तो दिलाच नाही."

"तुम्ही तर म्हणालात, नोंदणीची खिडकी बंद झाली होती!"

"उघडी होती. आदल्या दिवशी तू म्हणालीस ना, पासपोर्ट हातात आला की लंडनला बहिणीकडे निघून जाईन. मी घाबरलो."

"मी रागात बोलले होते हो."

"आता कळतंय."

ओरडावं असं तिला वाटलं. पण समोर पांढऱ्या केसांचा म्हातारा बसला होता. "तुमची बायको म्हणून कागदावर पुन्हा सही नाही करायची मला," एवढंच ती म्हणाली आणि चहा न पिता उठली.

मार्चमध्ये हेइ-मान गेली. विमानतळावर ती आईला सोडेना. "बाबांना एकदा हो म्हण ना, आई. माझ्यासाठी." फुंग-यीने तिच्या कोटाची बटणं लावून दिली आणि नकारार्थी मान हलवली. बापाने काय केलं होतं, ते तिने लेकीला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी नातीचा जन्म झाला. हाँगकाँगच्या साध्या पासपोर्टवर फुंग-यीला इंग्लंडमध्ये सहा महिने पाहुणी म्हणून राहता येत होतं. लेक राहत होती त्या मँचेस्टरला उतरल्यावर विमानतळावरच्या अधिकारी बाईने विचारलं, "कोणाकडे आलात?"

"लेकीकडे."

"परत कधी?"

परतीची तारीख फुंग-यीला पाठ होती. ती तिने सांगितली आणि बाळाची दुपटी भरलेली पिशवी उचलून बाहेर निघाली.