मागची सीट, सतरा किलो चारशे

मी एका जुन्या लाल स्पोर्ट्स गाडीची मागची सीट आहे. हसू नका, मित्रांनो! गाडीचं कौतुक सगळेच करतात, इंजिनाचं तर विचारूच नका. मागच्या सीटला कोण विचारतं? म्हणून आज मीच तोंड उघडते.

कारखान्यात माझ्या पोटात फोम भरला, वर काळं कापड ताणून शिवलं, तेव्हा काय रुबाब होता माझा! पण पहिल्या मालकाच्या बॅगा तेवढ्या माझ्यावर बसायच्या. मग सहा वर्षांपूर्वी जळगावात, पिंप्राळ्याच्या स्वप्नीलने आमची गाडी विकत घेतली. तो विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याच्या घरी मला माझं माणूस भेटलं, त्याची आई धुरपदाबाई.

धुरपदाबाईंचा उजवा गुडघा ऑपरेशननंतर वाकेनासा झाला होता. एसटीच्या पायऱ्या बंद झाल्या, गाडीत पुढे पाय मावेना. माझ्यावर मात्र त्या ऐसपैस आडव्या बसायच्या, पाय पार दुसऱ्या दारापर्यंत लांब करून. दर महिन्याला आम्ही पारोळ्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, कमलबाईंकडे जायचो. कमलबाईंना आता डोळ्यांनी दिसत नाही. त्या महिनाभर याच दिवसाची वाट बघतात.

गेल्या वर्षी स्वप्नीलच्या डोक्यात खूळ शिरलं. धुळ्याला मोठ्या मैदानावर घड्याळ लावून गाड्या पळवायची स्पर्धा होती. इंजिनावर खर्च करायची ऐपत नव्हती. "गाडी हलकी केली तरी जोरात पळते. वजन काढायला कुठे पैसे पडतात?" असं बायकोला, मयुरीला म्हणाला आणि लागला कामाला. मोटारी उचलायच्या साखळीला त्याने केळीचे घड तोलायचा काटा अडकवला. स्टेपनी टांगली, जॅक टांगला, तळाचा गालिचा टांगला. प्रत्येक आकडा खडूने भिंतीवर. आणि मग मेल्याने मलाच टांगलं!

"सतरा किलो चारशे! एका झटक्यात!" तो नाचायचाच बाकी होता. मला त्याने भिंतीशी उभं केलं. शनिवारी भंगारवाला योगराज येऊन मला नेणार, असं ठरलं. धुरपदाबाई दारात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. माझा मात्र जीव टांगणीला लागला.

शुक्रवारी पारोळ्याला जायचं होतं. "माय, आज पुढे बस. सीट पार मागे सरकवतो," स्वप्नील म्हणाला. गेले, ते तासाभरात परत आले! बांभोरीच्या पुलापर्यंत पोहोचेस्तोवर पाय असा ठणकायला लागला की गाडी वळवावीच लागली. धुरपदाबाई मयुरीच्या खांद्याचा आधार घेत उतरल्या आणि थेट काट्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"टांग रे भाऊ, माले बी टांग," त्या लेकाला म्हणाल्या. "मनं बी वजन पाही ले. जास्ती भरनं ते माले बी योगराजले दी टाक."

बोलल्या हसत, पण डोळे भरून आले होते. स्वप्नीलची मान खाली गेली. तेवढ्यात मयुरीने डिकीकडे बोट दाखवलं. "अहो, आणि तुमची ती स्पीकरची पेटी? तिला कधी टांगणार?"

ती पेटी म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण टांगली हो बिचाऱ्याने! सव्वीस किलो भरली. शनिवारी योगराज आला, तो पेटी घेऊन गेला. मला परत बसवताना स्वप्नीलने जुने बोल्ट टाकून दिले आणि पान्याशिवाय, नुसत्या हाताने सुटतील असे नट लावले. हे कशासाठी, ते मला तेव्हा कळलं नाही.

कळलं स्पर्धेच्या दिवशी. धुळ्याच्या वाटेवरच तर पारोळा! कमलबाईंच्या दारात गाडी थांबली, धुरपदाबाई उतरल्या. स्वप्नीलने दोन मिनिटांत मला काढून ओट्यावर मांडलं आणि हलकी झालेली गाडी घेऊन मयुरीसोबत धुळ्याकडे सुटला. दिवसभर दोघी बहिणी माझ्यावर बसून! कमलबाईंनी चाचपडत बहिणीचा ताठ पाय मांडीवर घेतला आणि तेल चोळत राहिल्या. माहेरच्या झाडून सगळ्यांची उणीदुणी निघाली. खरं सांगते मित्रांनो, एवढ्या खुशीत मी कारखान्यातसुद्धा नव्हते.

संध्याकाळी स्वप्नील धावतच आला. "माय, बावीस गाड्यांत पाचवा!"

"पैले सीट बसाड," धुरपदाबाई म्हणाल्या, "मंग बठ्ठं सांग." आधी मी, मग बाकी सगळं! आणि त्याच्या गालावरून हात फिरवून त्यांनी कडाकडा बोटं मोडली.

मित्रांनो, गाडीतलं, घरातलं नको ते सामान खुशाल काढा. माझी ना नाही. पण काढायच्या आधी घरात सगळ्यांना एकदा विचारा, आणि जे माणूस काहीच बोलत नाही, त्याला सगळ्यांत आधी विचारा.