प्रार्थनेचा विषय

टिण्ण.

ओट्यावर उपडा ठेवलेला काचेचा प्याला अबीचा हात लागून सिंकमध्ये घरंगळला आणि इतका वेळ गप्प बसलेलं घर दचकलं.

"फुटला का?" मम्मीनं विचारलं. चर्चमधून आल्यापासूनचं तिचं हे पहिलं बोलणं.

"नाही, आजी," अबी म्हणाली. पाच वर्षांची माझी लेक, तिनं तो हळूच उचलला.

बोटभर उंचीचा प्याला. प्रभुभोजनाचा, चर्चमधल्या द्राक्षरसाचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असे साठ प्याले स्टीलच्या डब्यातून आमच्या घरी येतात, धुऊनपुसून परत जातात. ही सेवा पप्पांची. ते गेल्यावर माझ्या धाकट्या भावानं, विल्सननं, घेतली. त्याची नोकरी अकोल्याला, एका एक्स-रे सेंटरमध्ये. पण पहिला रविवार आणि अमरावतीची गाडी त्यानं कधी चुकवली नाही. कोमट पाणी, पप्पांच्या जुन्या लुंगीचा मऊ तुकडा, आणि एकेक प्याला खिडकीच्या उजेडात धरून पाहणं. "लोकाईचे ओठ लागतात याले, ताई. डाग नाही राहिला पाहिजे."

आज डबा आलाच नाही. हा एक गेल्या महिन्यात चुकून मागे राहिलेला.

सकाळी आम्ही वेदीसमोर ओळीनं गुडघे टेकले होते. मम्मी, मी, मग विल्सन. पाळकसाहेबांनी मम्मीच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला, माझ्या हातावर ठेवला. विल्सननं ओंजळ पुढे केली. ताटली तिच्यावरून पलीकडच्या मैनाबाईंकडे गेली. मला वाटलं, नजरचूक. हल्लीच चष्मा बदललाय पाळकसाहेबांनी. मग प्याल्यांचं तबक आलं, आणि तेही त्याला ओलांडून गेलं. ओंजळ तशीच उघडी. ती मिटायची केव्हा, हेच त्याला कळेना.

उपासनेनंतर तो सवयीनं डबा उचलायला गेला, तर चर्च-मंडळीच्या सेक्रेटरींनी डब्यावर हात ठेवला.

"राहू दे. आता धुण्याचं संध्यामॅडम पाहतीन."

"काहून?"

"पंचाईचं ठरलं. बाप्तिस्मा झालेला मानूस तू, अन् त्या गोपालसंगं नवरा-बायकोवानी राह्यतं म्हने. मंडळीसमोर उभा राय, पश्चात्ताप कर. मंग पाहू."

हळू आवाजात नाही बोलले. चहाचे कप घेतलेली माणसं होती, संडे स्कूलची पोरं होती. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

विल्सननं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

कारण ही गोष्ट त्यानं जगात एकाच माणसाला सांगितली होती. गेल्या महिन्यात, याच ओट्याशी, प्याले पुसता पुसता. "ताई, गोपाल नुसता रूममेट नाही माझा." मी त्याच्या हातातला प्याला काढून घेतला, उगाच. "खूश आहेस?" म्हटलं. "लय," म्हणाला, आणि लहानपणी लाजायचा तसा लाजला.

मी हसले. मग आठवडाभर माझा डोळ्याला डोळा नाही. लोक काय करतील याला, देव काय करेल याला. बुधवारी बायकांच्या प्रार्थनेला गेले. तिथं सगळ्या आपापले विषय देतात. कुणाचा बीपी, कुणाच्या पोराची ‘नीट’ची परीक्षा. सगळ्या उठल्यावर मी पाळकसाहेबांच्या मिसेसना, संध्यावहिनींना, थांबवलं. अबी माझ्या मांडीवर बिस्कीट खात होती.

"एक विषय आहे, वहिनी. नाव नाही सांगत."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "नावाशिवाय प्रार्थना कशी करायची गं बाई? आपल्या दोघींत राहील."

इतक्या मायेनं म्हणाल्या. मी नाव सांगितलं, खूप रडले. आणि खरं सांगते, घरी येऊन पोटभर जेवले.

"खरं हाय का थे?" मम्मीनं आता विचारलं.

"हो, मम्मी." विल्सन खाली पाहून म्हणाला.

तिनं पदराचा काठ चुरगाळला. "अन् मले थे त्या सेक्रेटरीच्या तोंडून समजते." मग एकदम तिचा आवाज चढला. "अरे, दारच्या कुत्र्यालेही कोनी ताट दाखवून परत नेत नाही! माह्या पोराच्या हातावरून नेलं! कोन सांगतलं त्यायले? नाव सांग मले, आत्ता जातो मी त्याच्या घरी!"

मी कोरडाच ओटा पुसायला लागले.

"पाहिलं असन कोनं अकोल्यात," विल्सन म्हणाला. "बसस्टँडवर वगैरे."

त्यानं मला वाचवलं. ज्याला सकाळी साठ माणसांत कुणी वाचवलं नाही, मीसुद्धा नाही, त्यानं. तेव्हाच बोलायला हवं होतं मी. नाही बोलले.

अबी प्याल्यात संत्र्याचं सरबत घेऊन आली. दोन्ही हातांनी धरलेला, तरी निम्मं सांडलेलं. "मामा, तुला नाही ना भेटलं. घे."

तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि सरबत प्यायला. मग उठून त्यानं प्याला धुतला, पुसला, खिडकीत धरून पाहिला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"हा त्यायचा परत देजो, ताई. साठ भरले पाहिजे."

चारची गाडी होती. तो उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधू लागला. मम्मी त्याची बॅग धरून मागे उभी. "पुढच्या महिन्यात येशीन नं?" तिनं विचारलं. तो नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिला.

मी प्याला मुठीत घट्ट धरला होता. अबीनं माझा गाऊन ओढला.

"आई, त्या दिवशी तू संध्याआंटीजवळ रडत होतीस ना, तेव्हा मामाचं नाव काहून सांगत होतीस?"